गुन्हेगारांची यादी पोलिसांकडे आहे, पण आपल्या मकतबचं काय?

मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक मेसेज फिरतो. कुणा अनोळखी माणसाचा फोटो, खाली 'सावधान, लहान मुलांना याच्यापासून दूर ठेवा' आणि शेवटी 'जास्तीत जास्त शेअर करा'. माणूस कोण, कुठला, गुन्हा कधीचा, कोर्टाने काय ठरवलं, यातलं काहीच नसतं. तरी मेसेज पुढे जातो, कारण पाठवणाऱ्या प्रत्येकाच्या घरात लेकरं आहेत. ती भीती खोटी नाही. आणि असा मेसेज फिरला की एक प्रश्न हमखास विचारला जातो: अमेरिकेत म्हणे आपल्या गल्लीत असा गुन्हेगार राहतो का हे मोबाइलवर कळतं, मग आपल्याकडे अशी यादी का नाही?

यादी आहे. २०१८ पासून आहे. फक्त ती तुम्हाआम्हाला दिसत नाही.

ती का झाली हे आपल्या समाजाने तरी विसरू नये. २०१८ च्या जानेवारीत जम्मूच्या कठुआ जिल्ह्यात बकरवाल समाजातल्या आठ वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. देशभर लोक रस्त्यावर आले. एप्रिलमध्ये केंद्राने बलात्काराची शिक्षा कडक करणारा अध्यादेश काढला आणि त्याच वेळी लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद ठेवायचं ठरवलं. २० सप्टेंबर २०१८ ला ती नोंद सुरू झाली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, ती सांभाळतो. सुरुवातीलाच तिच्यात ४ लाख ४० हजारांच्या आसपास नोंदी होत्या. बलात्कार, सामूहिक बलात्कार, पोक्सो आणि छेडछाड या गुन्ह्यांत ज्यांना कोर्टाने दोषी ठरवलं त्यांचं नाव, पत्ता, फोटो, बोटांचे ठसे. २००५ पासूनची माहिती राज्यांच्या पोलिसांनी भरत राहायची. बघायचा अधिकार मात्र फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना.

इथे थोडं थांबून आपलीच एक चूक सांगतो. त्या वेळी आपल्या लोकांनी त्या मुलीचं नाव आणि फोटो बॅनरवर लावले, डीपीला ठेवले. भावना कळते. पण अत्याचार झालेल्या मुलाची किंवा मुलीची ओळख जाहीर करायला कायद्याने बंदी आहे, ती मयत असली तरी. ओळख छापणाऱ्या माध्यमांना दिल्ली हायकोर्टाने प्रत्येकी दहा लाख रुपये भरायला लावले होते. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच बजावलं. आपल्याकडे गुन्हेगाराची यादी बंद आणि पीडिताचं नाव झाकलेलं. अमेरिकेत अगदी उलट आहे, तिथे कायद्यांनाच मुलांची नावं आहेत.

अमेरिकेत काय झालं

१९८९ च्या ऑक्टोबरमध्ये मिनेसोटातल्या एका छोट्या गावात जेकब वेटरलिंग नावाचा अकरा वर्षांचा मुलगा सायकलवरून घरी परतत असताना पळवला गेला. त्याच्या नावाने १९९४ मध्ये केंद्रीय कायदा झाला: लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्याने सुटल्यावर पोलिसांकडे आपला पत्ता नोंदवायचा. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यूजर्सीत मेगन कँका ही सात वर्षांची मुलगी समोरच्या घरातल्या माणसाने मारली. तो आधी दोनदा अशाच गुन्ह्यात दोषी ठरलेला होता आणि गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. मेगनच्या आईबापाचं म्हणणं साधं होतं: आम्हाला कळलं असतं तर आम्ही तिला त्या दारात जाऊ दिलं नसतं. कोणत्याही आईबापाला हे पटेल. तीन महिन्यांत न्यूजर्सीने कायदा केला आणि १९९६ मध्ये तो साऱ्या देशाला लागू झाला. 'मेगन्स लॉ' म्हणतात तो हाच. आता पोलिसांकडची नोंद पुरेशी नव्हती, शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळवणंही आलं. २००६ मध्ये आणखी एक कायदा आला, त्यात गुन्ह्याच्या गंभीरपणाप्रमाणे १५ वर्षं, २५ वर्षं किंवा जन्मभर नोंद ठेवायची ठरली. आज त्या याद्यांवर सात लाखांहून जास्त माणसं आहेत. कुणीही नाव टाकावं, फोटो बघावा.

मग तिथली मुलं सुरक्षित झाली का? प्रेस्कॉट आणि रॉकॉफ या दोन अभ्यासकांनी अनेक राज्यांतले गुन्हे तपासून २०११ मध्ये जे मांडलं ते विचार करायला लावणारं आहे. पोलिसांकडे नोंद असल्याने गुन्हे कमी होतात असं त्यांना दिसलं, विशेषतः ओळखीच्यांवर होणारे. पण यादी साऱ्या गावाला दाखवली की सुटून आलेला माणूस पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता उलट वाढू शकते. कारण कळायला अवघड नाही. घर मिळत नाही, काम मिळत नाही, कुठेही गेला तरी हुसकावतात. मायामीत अशा लोकांनी शाळा-बागांपासून इतकं लांब राहायचा नियम झाला की शहरात जागाच उरली नाही, आणि डझनावारी माणसं खाडीवरच्या पुलाखाली तंबू ठोकून वर्षानुवर्षं राहिली. पोलिसांना असा माणूस शोधणं सोपं की अवघड, तुम्हीच सांगा. त्या याद्यांत अल्पवयात गुन्हा केलेली मुलंही आहेत, त्यांचं नाव पुसलं जाता जात नाही. जेकबची आई पॅटी वेटरलिंग, जिच्या धडपडीतून पहिला कायदा आला, तीच पुढे जाहीरपणे म्हणू लागली की या याद्या फार ताणल्या गेल्यात.

आणि जेकबचं काय झालं हेही ऐका. २०१६ मध्ये गुन्हेगाराने कबुली दिली तेव्हा त्याचे अवशेष सापडले. मारणारा त्याच भागातला होता, पोलिसांनी सुरुवातीला त्याची चौकशीही केली होती. पण तेव्हा तो कोर्टात दोषी ठरलेला नव्हता. म्हणजे त्या मुलाच्या नावाने झालेला कायदा त्या रात्री असता, तरी यादीत हे नाव नसतं.

ब्रिटनचा मधला रस्ता

कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांतली माणसं आज ब्रिटनमध्ये आहेत, त्यांना तिथली पद्धत माहीत असेल. तिथे १९९७ पासून नोंद आहे, पण ती खुली नाही. २००० साली एका वर्तमानपत्राने गुन्हेगारांचे फोटो छापायला सुरुवात केली, तेव्हा पोर्ट्समथमध्ये जमाव घरांवर चालून गेला आणि ज्यांचा काही संबंध नव्हता अशा कुटुंबांनाही घर सोडावं लागलं. वेल्समध्ये तर एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टर बाईंच्या दारावर कुणीतरी शिवी रंगवली. इंग्रजीत बालरोगतज्ज्ञ आणि बालकांवर अत्याचार करणारा या दोन शब्दांची सुरुवात सारखी आहे, एवढाच तिचा गुन्हा.

त्यानंतर त्यांनी वेगळी वाट काढली. २००८ मध्ये चार ठिकाणी प्रयोग झाला, २०११ पर्यंत इंग्लंड आणि वेल्समध्ये सगळीकडे लागू झाला. आपल्या मुलाच्या संपर्कात येणाऱ्या एखाद्या माणसाबद्दल शंका असेल तर पोलिसांकडे जाऊन विचारायचं. धोका आहे असं पोलिसांना वाटलं तर ते मुलाची जबाबदारी असलेल्यालाच सांगतात आणि ही माहिती पुढे फिरवायची नाही असं बजावतात. मुलांबरोबर काम करणाऱ्यांसाठी गुन्ह्यांच्या नोंदीची सरकारी तपासणी आहे, आणि मदरशातले उस्ताद त्यातून सुटत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतही, जिथे केपटाउनला आपले कोकणी लोक चार पिढ्यांपासून आहेत, २००७ च्या कायद्याने अशी नोंद आली. तिचा मुख्य उपयोग हाच: मुलांजवळ कुणाला कामाला ठेवण्याआधी मालकाने त्याचं नाव तपासून घ्यायचं.

आमचं मत विचाराल तर गरज आहे ती याच गोष्टीची. गल्लीत कोण राहतो यापेक्षा आपल्या मुलाच्या शेजारी बसून कोण शिकवतो, त्याला रिक्षात कोण नेतो, हॉस्टेलमध्ये रात्री कोण असतो हे जास्त महत्त्वाचं.

यादीत नसलेला माणूस

एनसीआरबीचे दरवर्षीचे आकडे एक गोष्ट सातत्याने सांगतात. मुलांवरच्या बलात्काराच्या शंभरातल्या नव्वदहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नात्यातला, शेजारचा, शिकवणारा, घरी येणारा-जाणारा. ग्रुपवर फिरणारा तो अनोळखी चेहरा बहुतेक वेळा तिथे नसतोच.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार आली. आरोपी सफाई कर्मचारी त्याच महिन्यात कंत्राटावर आलेला. आईबाप पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळले. शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर, कळूनही पोलिसांना न कळवल्याचा गुन्हा नोंदला गेला. पुढे खटला चालण्याआधीच, सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला. नोंदीत नाव येतं ते कोर्टाने दोषी ठरवल्यावर. तक्रार नाही, खटला नाही, निकाल नाही, तर नोंदही नाही.

आता मुद्द्याची, जरा अवघड गोष्ट. आपल्याकडे अशा प्रकरणाचं काय होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. मूल घरी येऊन काहीतरी सांगतं. आई हादरते. अब्बा जमातीच्या दोन बुजुर्गांकडे जातात. रात्री ट्रस्टी बसतात. 'मदरशाचं नाव खराब होईल', 'मुलीचं लग्न व्हायचंय', 'आधीच टीव्हीवाले आपल्या मागे लागलेत', 'मुसलमानाचा ऐब झाकावा'. सकाळी त्या माणसाचा पगार चुकता होतो, 'तब्येतीच्या कारणाने' तो गावी जातो. सहा महिन्यांनी तो दुसऱ्या तालुक्यातल्या मकतबमध्ये शिकवत असतो. तिथल्या ट्रस्टींना काही माहीत नाही, कारण कुणी सांगितलंच नाही. सरकारची यादी उद्या भिंतीवर चिकटवली तरी त्या माणसाचं नाव तिच्यात सापडणार नाही. ते नाव आपणच येऊ दिलं नाही.

हे फक्त आपल्यात होतं असं नाही. चर्चमध्ये झालं, आश्रमांत झालं, मोठमोठ्या शाळांत झालं. पण दुसऱ्याच्या घरात झालं म्हणून आपल्या घरातलं माफ होत नाही. आणि ऐब झाकण्याबद्दल: माणसाची स्वतःपुरती चूक झाकणं वेगळं, दुसऱ्याच्या लेकरावर होणारा जुल्म झाकणं वेगळं. सूरह निसामध्ये इन्साफासाठी उभं राहताना स्वतःच्या, आईबापाच्या, नातलगांच्या विरुद्ध जावं लागलं तरी साक्ष द्यायला सांगितलंय. तिथे संस्थेच्या इज्जतीला सूट दिलेली आम्हाला तरी दिसत नाही.

माध्यमांची भीती मात्र आम्ही उडवून लावणार नाही. आरोपी मुसलमान असला की बातमीचा सूर बदलतो हे आपण बघतो. पण मग दोन परिस्थिती समोर ठेवा. मदरशाने स्वतः पोलिसांना कळवलं ही एक बातमी, आणि मदरशाने दोन वर्षं लपवलं ही दुसरी. जास्त बदनामी कशात आहे?

कायदा काय म्हणतो

पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठराच्या खालचं प्रत्येक मूल त्यात येतं, मुलगा असो वा मुलगी. हे मुद्दाम सांगतो, कारण मुलांच्या बाबतीत 'मुलगाच आहे, विसरेल' असं म्हणणारे खूप भेटतात.

कलम १९ प्रमाणे असा गुन्हा झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळलं त्याने स्थानिक पोलीस किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायलाच हवं. 'आधी आपण चौकशी करू, मग बघू' याला जागा नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संस्थेचा प्रमुख असेल आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा त्याने लपवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. ट्रस्टी साहेबांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. ज्याने नेक इराद्याने कळवलं त्याच्यावर मात्र कारवाई होत नाही, पुढे आरोप सिद्ध झाला नाही तरी. खोटं माहीत असून, सूड म्हणून तक्रार केली तर शिक्षा आहे, पण मुलाला कधीच नाही. शिक्षण संस्थेतल्या किंवा धार्मिक संस्थेतल्या माणसानेच तिथल्या मुलावर अत्याचार केला तर कायदा तो जास्त गंभीर मानतो, आणि बलात्काराच्या स्वरूपाचा गुन्हा असेल तर कमीत कमी वीस वर्षं.

अनेक आया पोलीस ठाण्याच्या पायरीला घाबरतात. त्यांच्यासाठी: मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या जागी घेता येतो, अधिकाऱ्याने वर्दीत यायचं नाही, शक्यतो महिला अधिकारी असावी, आई किंवा बाप जवळ असावा. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करेल. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. गुन्हा दुसऱ्या हद्दीत झाला असला तरी जवळच्या ठाण्याने तक्रार नोंदवून घ्यायला हवी.

मकतबच्या दारात

पोक्सोचे २०२० चे नियम आपल्या ट्रस्टींपैकी फार थोड्यांनी वाचले असतील. त्यांत म्हटलंय की जिथे मुलं राहतात किंवा नेहमी येतात अशा प्रत्येक संस्थेने सगळ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घ्यावी. शिकवणारे, न शिकवणारे, कायम, कंत्राटी, सगळे. शाळा, पाळणाघर, खेळाची अकादमी यांची नावं नियमात आहेत, आणि मुलांची इतर कोणतीही सोय असाही शब्द आहे. मकतब, मदरसा, यतीमखाना, ट्यूशन क्लास यांना यातून बाहेर काढणारी ओळ नाही.

म्हणजे बंद यादीची किल्ली आपल्या हातात नसली तरी एक खिडकी आहे. महाराष्ट्रात पोलिसांच्या ऑनलाइन सेवेवर चारित्र्य पडताळणीचा अर्ज करता येतो. कामाला येणाऱ्या माणसाकडून तो दाखला मागायचा. आपल्याकडे बरेच मौलाना आणि हाफिज उत्तर प्रदेश, बिहारमधून येतात. त्यांच्या गावच्या ठाण्याचा दाखला मागा, आणि आधी जिथे शिकवत होते तिथल्या ट्रस्टींना स्वतः फोन करून विचारा: का सोडलं, परत ठेवाल का? फोन तुम्हाला आला तर खरं सांगा. पडताळणी मागितल्याने उस्तादाचा अपमान होतो असं काही जण म्हणतात. पासपोर्टसाठी आपण सगळे पोलिसांसमोर उभे राहतो, उमराहला जाताना कुणी अपमान मानत नाही.

दाखला कोरा आला म्हणून निश्चिंत होऊ नका, तो फक्त जुनी नोंद सांगतो. वर्गाचं दार उघडं असावं, एकटं मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत नसावं, हॉस्टेलमध्ये मोठ्यांची झोपायची जागा वेगळी असावी, पाय दाबायला किंवा खोली झाडायला मुलाला एकटं बोलावू नये. यातली शेवटची गोष्ट 'खिदमत' म्हणून चालत आलीय आणि तिच्याबद्दल बोललं की काही लोक नाराज होतात. होऊ द्या.

राहिला तो फॉरवर्ड. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याच्या आठवडी बाजारात मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा पसरली आणि नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. ती भिक्षा मागायला आलेली गरीब माणसं होती. त्या जमावालाही आपण मुलांना वाचवतोय असंच वाटत असणार. अफवेवरून मारलं जाणं म्हणजे काय हे आपल्या समाजाला वेगळं सांगायला नको, आणि बातमी आली की आधी तपासून घ्या हे सूरह हुजुरातमध्ये आपण लहानपणापासून ऐकत आलोय. तेव्हा असा फोटो आला तर तो ग्रुपवर टाकू नका. एखाद्या माणसाबद्दल खरंच काही माहीत असेल तर ती माहिती पोलिसांना द्या. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ दिवसरात्र चालू असते, फुकट असते, मूल स्वतःसुद्धा फोन करू शकतं. तातडीला ११२. हे दोन नंबर मकतबच्या भिंतीवर, मुलांच्या नजरेच्या उंचीवर, उर्दू आणि मराठीत लिहून लावा.